रत्नागिरीत पारा १६ वर, मग लांज्यात किती? जानेवारीची थंडी आणि हापूसच्या मोहोराचं गणित

जानेवारी उजाडला की जिल्ह्यात दोन आकड्यांची रोज चर्चा होते. एक रत्नागिरीच्या किमान तापमानाचा, दुसरा दापोलीच्या. पारा १८ वर आला की बागायतदार खूश, १६ वर आला की अजून खूश, आणि दापोलीत १० च्या आसपास गेल्याची बातमी आली की ‘यंदा आंबा फुटणार’ अशी चर्चा एसटी स्टँडपासून ग्रामपंचायतीपर्यंत सुरू होते. यात खोटं काही नाही. थंडी आणि हापूस यांचं नातं खरंच घट्ट आहे. पण रत्नागिरी शहरातला एक आकडा घेऊन संगमेश्वर, लांजा, राजापूरच्या बागेत फवारणीचा निर्णय घेतला तर गणित चुकू शकतं, आणि प्रत्येक चुकलेल्या फवारणीमागे औषध, डिझेल आणि गड्यांची मजुरी असा खर्च असतो. त्यामुळे जानेवारीतलं हवामान नेमकं कसं चालतं, हे एकदा नीट समजून घेतलेलं बरं.

रत्नागिरी शहरात जानेवारीचं सरासरी किमान तापमान १९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि कमाल ३० ते ३१. याच महिन्यात पुण्याचं किमान ११-१२ अंशांपर्यंत उतरलेलं असतं. पुणेकराला रत्नागिरीची थंडी ही थंडीच वाटत नाही. हवामान विभागालाही किनाऱ्याचा हा स्वभाव माहीत आहे. मैदानी भागात थंडीची लाट म्हणण्यासाठी पारा १० अंश किंवा त्याखाली यावा लागतो. किनाऱ्यावरच्या केंद्रांना हा निकष लावला तर लाट कधी जाहीरच होणार नाही. म्हणून तिथे किमान तापमान १५ किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असलं, तर थंडीची लाट म्हणता येते. रत्नागिरीसाठी याचा सरळ अर्थ असा की पारा साडेचौदाच्या घरात आला, तर तो शहरासाठी कडाकाच.

समुद्र पांघरूण घालतो

याचं कारण दारातच आहे. जमीन लवकर तापते, लवकर निवते. पाण्याला तापायलाही वेळ लागतो आणि निवायलाही. जानेवारीत रत्नागिरीसमोरच्या अरबी समुद्राचं पाणी २७ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे पहाटे जमिनीवर १८ अंश असताना शेजारी एक अफाट कोमट पाण्याचा साठा असतो. त्याला लागून असलेल्या शहरात पारा फार खाली जाऊ शकत नाही.

रोजचा वाऱ्याचा खेळही यातूनच सुरू होतो. रात्री जमीन निवते, तिच्यावरची हवा जड होते आणि समुद्राकडे सरकते. हा मतलई वारा. सकाळी नऊ-दहानंतर जमीन तापू लागते, वरची हवा हलकी होऊन चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारा वारा येतो. कोकणातल्या मच्छीमाराला हे शिकवावं लागत नाही. होड्या बाहेर काढायच्या आणि परत आणायच्या वेळा पूर्वी यावरच ठरत.

बागायतदाराने या खेळातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. खारा वारा सुटला की तापमान वाढायचं थांबतं. म्हणून किनाऱ्यावर दिवसाचं सर्वाधिक तापमान बऱ्याचदा दुपारी तीनऐवजी बारा-एकच्या सुमारासच नोंदलं जातं. वारा अकराला सुटला तर दुपार ३० अंशांवर निभावते. तोच दोन वाजेपर्यंत आला नाही, तर पारा ३४, ३५, कधी त्याच्याही वर जातो.

हिवाळ्यात देशातल्या सर्वाधिक कमाल तापमानाच्या यादीत अधूनमधून रत्नागिरीचं नाव झळकतं ते याचमुळे. उत्तर भारत धुक्यात गारठलेला, आणि इकडे जानेवारीत घामाच्या धारा. लोकांना हे विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे. कधी कधी पूर्वेकडून येणारा वारा इतका जोरात असतो की खाऱ्या वाऱ्याला तो आत येऊच देत नाही. हा वारा घाटमाथ्यावरून खाली उतरलेला असतो. कोरडी हवा खाली उतरताना दाबली जाते आणि दर १०० मीटरला साधारण एक अंशाने तापते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. तिथल्या उंचीवरची हवा आंबा घाटातून साखरप्याकडे आणि पुढे किनाऱ्यापर्यंत उतरली, तर नुसत्या उतरण्यानेच ती पाच अंशांनी गरम होते. त्यात दिवसभराचं ऊन आणि जांभ्याचा तापलेला कातळ.

म्हणजे एकच कोरडा पूर्ववारा दोन कामं करतो. आकाश स्वच्छ ठेवतो, त्यामुळे आतल्या तालुक्यांत पहाट गार होते. आणि खारा वारा अडवतो, त्यामुळे किनाऱ्यावर दुपार भाजते. ‘सकाळी स्वेटर, दुपारी पंखा’ असं लोक गमतीने म्हणतात. पावसाळ्यात रत्नागिरीचं दिवसाचं आणि रात्रीचं तापमान जेमतेम चार-पाच अंशांनी वेगळं असतं. जानेवारीत हा फरक १२ अंशांवर जातो, आणि पूर्ववाऱ्याच्या दिवशी त्याहूनही वर. झाडाला हा हेलकावा सोसावा लागतो.

तालुका बदलला की थंडी बदलते

शहरातला आकडा हा समुद्राच्या पांघरुणाखालचा आकडा आहे. किनाऱ्यापासून जसं आत जावं तसं हे पांघरूण विरळ होतं. दापोली त्याचं ठळक उदाहरण. समुद्र जवळ असूनही दापोली सुमारे अडीचशे मीटर उंचीवरच्या मोकळ्या सड्यावर आहे. रात्री जमीन भराभर निवते आणि पारा रत्नागिरीपेक्षा अनेकदा चार-सहा अंशांनी खाली दिसतो. ‘मिनी महाबळेश्वर’ हे नाव काही उगाच पडलेलं नाही.

पण नुसती उंची पाहूनही चालत नाही. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराने खाली वाहते आणि खोलगट जागी साचते. वाशिष्ठी, जगबुडी, शास्त्री, काजळीच्या खोऱ्यांत पहाटे धुक्याची चादर दिसते, ती या साचलेल्या थंड, ओलसर हवेची. चिपळूण, खेड, संगमेश्वरच्या नदीकाठच्या वाडीत पहाटे जो गारठा असतो, तो वरच्या डोंगरउतारावर नसतो. एकाच गावात वरच्या बागेतली कलमं आणि खालच्या परसातली कलमं यांच्यात दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. वरच्या बागेत मोहोर फुलून फळ धरलं आणि खाली अजून बोंगेच, हे दृश्य त्यामुळेच दिसतं.

समुद्रालगतच्या बागांमध्ये, म्हणजे जयगड, गणपतीपुळे, पावस, पूर्णगड या पट्ट्यात, हंगाम साधारणपणे लवकर सुरू होतो. आतल्या तालुक्यांचा आंबा मागून येतो. थंडी आत जास्त, मग मोहोर आत आधी का नाही, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर झाडाच्या आत आहे.

थंडी पानांना कळते

हापूसच्या फांदीच्या टोकाला जो डोळा असतो, त्यातून काय निघणार हे आधी ठरलेलं नसतं. त्यातून नवी पालवीही येऊ शकते आणि मोहोरही. हवा उबदार आणि ओलसर असेल, मुळाशी पाणी असेल, तर कल पालवीकडे जातो. रात्री गार आणि जमीन कोरडी होत असेल तर मोहोराकडे. ढोबळ मानाने सांगायचं तर रात्रीचं तापमान २० अंशांखाली, शक्यतो १५ ते १८ च्या दरम्यान, आणि तेही दहा-पंधरा दिवस टिकून राहिलं, तर हापूसला हवा तो इशारा मिळतो. एका रात्रीच्या कडाक्याने हे होत नाही. पारा एकदा १४ वर येऊन तिसऱ्या दिवशी ढग आले आणि २२ झाला, तर बातमी होते, मोहोर होत नाही.

हा इशारा घेतात ती पानं. थंडीमुळे पानांत मोहोराचा संकेत तयार होतो आणि अन्नरसाबरोबर डोळ्यापर्यंत पोचतो. पान कोवळं असेल तर ते हे काम नीट करू शकत नाही. म्हणून पालवी जून झालेली असणं महत्त्वाचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस लांबला, जमीन ओली राहिली आणि झाडाने त्या काळात नवी पालवी टाकली, तर जानेवारीत कितीही गारवा पडला तरी त्या फांद्या उशिराच मोहोरतात. २०१९ साली ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ आलं, मागोमाग ‘महा’ आलं आणि कोकणातला पाऊस लांबला. पुढचा हंगाम मागे गेला तो याच साखळीने. जानेवारीच्या थंडीचा हिशेब खरं तर दिवाळीच्या पावसापासून मांडायला हवा.

किनाऱ्यालगतच्या कातळावर माती थोडी, पाणी झरझर निघून जातं, झाडाला ताण लवकर बसतो, पालवी लवकर जून होते. आत खोल माती, ओल टिकून, पालवीचं वेड जास्त. थंडी कमी असूनही किनारा पुढे राहतो तो यामुळे.

झाडाच्या आतली दुसरी बाजू म्हणजे जिबरेलिन हे संजीवक. ते जास्त असेल तर झाड वाढीकडे झुकतं, मोहोर दबतो. बरेच बागायतदार १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान कलमांच्या बुंध्याभोवती जे पॅक्लोब्युट्राझॉल घालतात, बोलीत ज्याला सगळे कल्टारच म्हणतात, त्याचं काम हे जिबरेलिन कमी करणं. त्यामुळे त्या कलमांना थोडी कमी थंडीही पुरते आणि मोहोर लवकर येतो. रायवळ आंब्याला यातलं काही लागत नाही. तो त्याच्या मर्जीने फुलतो, आणि त्याचं कोणाला फारसं दुःखही नसतं.

थंडी जास्त झाली तर

थंडी वाढली म्हणजे चांगलंच, ही समजूत जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत बरीचशी खरी असते. नंतर तिला अटी लागतात.

आंब्याच्या एका तुऱ्यात शेकडो फुलं असतात, पण सगळीच फळ धरणारी नसतात. बरीच नुसती नर फुलं असतात, थोडी उभयलिंगी. फळ धरतं ते उभयलिंगी फुलांनाच. तुरा वाढत असताना फार थंडी राहिली तर नर फुलांचं प्रमाण वाढतं. परागकणही नीट तयार होत नाहीत. शिवाय परागीभवनाचं काम मुख्यतः माश्या आणि इतर बारीक कीटक करतात. सकाळी गारठा असेल तर तेही उशिरा कामाला लागतात. म्हणून काही वर्षी झाडं पांढरट-पिवळ्या मोहोराने लगडलेली दिसतात, फोटो छान येतात, आणि महिन्याभराने पाहावं तर तुऱ्याला फळच नाही. बागायतदार त्याला ‘मोहोर पोकळ गेला’ म्हणतो.

त्याहून जास्त डोकेदुखी पुनर्मोहोराची. डिसेंबरात आलेल्या मोहोराला जानेवारीत वाटाण्याएवढी, गोटीएवढी फळं धरलेली असतात. अशा वेळी थंडी लांबली, तर त्याच फांद्यांवर झाड पुन्हा मोहोर टाकतं. आता झाडासमोर दोन पंगती बसतात. नवा मोहोर अन्नरस ओढतो आणि आधीची फळं पिवळी पडून गळतात. गळलेली फळं म्हणजे मार्चअखेर-एप्रिलचा आंबा, ज्याला बाजारात भाव असतो. त्याच्या बदल्यात मिळतो तो मेअखेरचा आंबा, ज्याला भाव नसतो. कडाक्याच्या थंडीच्या वर्षी बागेत मोहोर भरपूर दिसूनही पहिल्या टप्प्यात माल कमी निघतो, त्यामागे बहुतेक वेळा हे असतं.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची यावरची शिफारस जिबरेलिक आम्लाची आहे. प्रमाण ५० पीपीएम, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम. वर आलेलं कोडं इथे उलटं वापरलं जातं. जिबरेलिन मोहोर दाबतं, मग नको असलेला दुसरा मोहोर दाबण्यासाठी तेच फवारायचं. ही पूड थेट पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून घ्यावी लागते. अट एकच आणि ती मोठी आहे. झाडावर पुरेसा मोहोर आधीच आलेला असला पाहिजे. मोहोर जेमतेम असलेल्या झाडावर हे फवारलं तर पुढे येणारा मोहोरही थांबतो आणि हाती काहीच राहत नाही. शेजाऱ्याने मारलं म्हणून आपणही मारलं, असं करण्यासारखं हे औषध नाही. नेमकी वेळ आपल्या बागेची अवस्था सांगून विद्यापीठाच्या तज्ज्ञांना किंवा कृषी सहायकाला विचारून ठरवावी.

मळभ, दव आणि भुरी

महिन्याच्या मध्यावर, साधारण संक्रांतीच्या आगेमागे, एखादा दुसरा आठवडा असा येतो की थंडी गायब होते आणि आकाश मळभट होतं. उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ जातात, त्यांचा परिणाम कधी कधी खालपर्यंत ढगांच्या रूपाने जाणवतो. कधी पूर्वेकडचे वारे बंगालच्या उपसागरावरची ओल घेऊन येतात. ढग म्हणजे रात्रीचं दुसरं पांघरूण. जमिनीतून निघणारी उष्णता ते परत खाली पाठवतात. १६ वर असलेला पारा एका रात्रीत २१-२२ वर जातो. विक्षोभ पुढे सरकला की मागून उत्तरेचा कोरडा वारा राजस्थान, गुजरातमार्गे खाली येतो आणि थंडी परतते. म्हणून जानेवारीतली थंडी टप्प्याटप्प्याने येते. ‘थंडी गेली’ असं म्हणण्याची घाई पंधरा तारखेला करू नये.

मळभ आलं की तुडतुडे वाढतात. कोवळ्या मोहोराचा रस ते शोषतात, मोहोर वाळतो, आणि त्यांच्या शरीरातून निघणारा चिकटा पानांवर पडून त्यावर काळी बुरशी चढते. झाडाखालून जाताना पानं चकाकताना दिसली, हाताला चिकट लागली, तर तुडतुडे आधीच बरेच झालेत असं समजावं.

भुरी रोगाचं वेगळं आहे. मोहोराच्या दांड्यांवर पीठ टाकल्यासारखी पांढरी बुरशी दिसते ती भुरी. तिला पानावर पाण्याचा थेंब लागत नाही. गार रात्र, उबदार दिवस आणि हवेत ओल एवढं तिला पुरतं, आणि जानेवारीच्या कोकणात हे तिन्ही आयतं मिळतं. करपा मात्र ओल्या मोहोरावर पसरतो. अवेळी पाऊस झाला किंवा दव जड पडून सकाळी उशिरापर्यंत मोहोर भिजलेला राहिला, तर तो धरतो.

दव पडतं कसं, हे पाहिलं तर कोणत्या बागेला धोका जास्त ते आपोआप कळतं. दिवसा खारा वारा समुद्रावरची ओल आत आणतो. रात्री आकाश निरभ्र, वारा पडलेला. पानं आणि मोहोर आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतात आणि ती ओल त्यांच्यावर थेंबांनी बसते. मग खोलगट जागी, दाट लागवड असलेल्या बागेत, जिथे सकाळचं ऊन नऊ वाजेपर्यंत पोचत नाही, तिथे हे थेंब टिकतात. उतारावरच्या, पूर्वेकडे तोंड असलेल्या, आतून विरळणी केलेल्या बागेत ते लवकर उडून जातात. दाट कलमांची मधली फांदी पावसाळ्यानंतर काढायला सांगतात ते यासाठीही.

हेच दव कुळथाला आणि पावट्याला मात्र हवं असतं. भात कापल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर ही पिकं निघतात. त्यामुळे ज्या पहाटेने आंबेवाला हैराण, तिनेच कुळीथवाला समाधानी, असं एकाच घरात घडतं.

फवारणीबाबत विद्यापीठाने पालवीपासून फळ धरेपर्यंतचं वेळापत्रक दिलेलं आहे. त्यात औषध प्रत्येक टप्प्याला बदलतं. बऱ्याच ठिकाणी होतं काय, तर एकच औषध ‘गेल्या वर्षी चाललं’ म्हणून पुन्हा पुन्हा मारलं जातं आणि किडीला त्याची सवय होते. पूर्ण फुललेल्या मोहोरावर कीटकनाशक मारलं तर परागीभवन करणाऱ्या माश्याही मरतात, हे दुसरं नुकसान. मळभ आलं की लगेच पंप काढण्याआधी दहा-पंधरा तुरे हाताने झटकून तुडतुडे आहेत का ते पाहिलं, तर एखादी फवारणी सहज वाचू शकते.

जानेवारीतला मोहोर मे महिन्यात काढायचा

आता हे सगळं पैशात. मोहोरापासून आंबा काढणीला यायला ढोबळ चार महिने लागतात. नोव्हेंबर-डिसेंबरचा मोहोर मार्च-एप्रिलमध्ये उतरतो. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातला एप्रिलअखेर ते मेच्या पूर्वार्धात, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मागणीच्या जवळपास. जानेवारीअखेरचा आणि फेब्रुवारीचा मोहोर मेच्या उत्तरार्धात किंवा जूनच्या तोंडावर. तोपर्यंत वाशीच्या बाजारात सगळीकडचा माल आलेला असतो, कर्नाटकचा आंबाही असतो आणि पेटीचा दर पहिल्या पेट्यांच्या तुलनेत कितीतरी खाली असतो.

वर पावसाची टांगती तलवार. नेहमीच्या हिशेबाने मान्सून जूनच्या पहिल्या आठवड्यात जिल्ह्यात येतो. २०२५ मध्ये तो २५ मे रोजीच तळकोकणात दाखल झाला. त्याआधीपासूनच पाऊस सुरू होता. उशिराच्या मोहोराचा आंबा ज्यांच्या झाडावर होता, त्यांना तो उतरवताही आला नाही. जानेवारीत थंडी पंधरा दिवस उशिरा आली, तर तिची किंमत मेमध्ये अशी मोजावी लागते.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात लक्ष पहाटेवरून दुपारवर न्यायला हवं. दिवस मोठा होऊ लागलेला असतो, पूर्ववारा जोर धरतो आणि कमाल तापमान दोन दिवसांत ३१ वरून ३५-३६ वर उडी मारतं. वाटाण्याएवढी फळं ही उडी सोसत नाहीत, गळतात. थंडीच्या बातम्या वाचणारा बागायतदार या उडीची बातमी बऱ्याचदा वाचत नाही. पाण्याची सोय असेल तर फळं वाटाण्याएवढी झाल्यावर झाडाला १५० ते २०० लिटर पाणी, पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा, आणि बुंध्याभोवती गवताचं किंवा पातेऱ्याचं आच्छादन, अशी शिफारस आहे. मोहोर येण्याआधी पाणी देऊ नये, नाहीतर पालवी फुटते. पातेरा जाळण्याऐवजी असा वापरला तर वणव्याचं भयही कमी होतं.

आकडा कोणाचा धरायचा?

हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत आंब्याची भरपाई बागेतलं नुकसान मोजून ठरत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने काय नोंदवलं, त्यावर ठरते. कमी तापमान, जास्त तापमान, अवेळी पाऊस, वेगाचा वारा यांचे निकष आणि कालावधी शासन निर्णयात दिलेले असतात. आकडा निकषाच्या आत सलग ठरलेले दिवस राहिला तरच भरपाई. मंडळाचं केंद्र नदीकाठी आणि बाग सड्यावर, किंवा उलट, असं असेल तर झाडाने सोसलेली थंडी किंवा ऊन केंद्राच्या आकड्यात दिसेलच असं नाही. गावागावांत विम्यावरून जो वाद होतो त्याचं मूळ बरेचदा इथे असतं. आपल्या मंडळाचं केंद्र नेमकं कुठे बसवलंय, त्याच्या आजूबाजूला झाडी किंवा भिंत उभी राहिली आहे का, हे गावाने एकदा जाऊन पाहायला हरकत नाही. काही खटकलं तर नुकसान होण्याची वाट न पाहता तालुका कृषी कार्यालयात लेखी द्यावं आणि पोच घ्यावी.

स्वतःच्या बागेसाठी कमाल-किमान तापमापक फार महाग नसतो. तो पत्र्याच्या शेडखाली किंवा मांगराच्या भिंतीवर लावला तर पत्र्याचं आणि भिंतीचं तापमान दाखवतो. जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, सावलीत, वारा खेळेल अशा जागी तो हवा. वेधशाळेतला तापमापकही असाच, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत साधारण याच उंचीवर असतो. रोज सकाळी किमान, संध्याकाळी कमाल, दव होतं की मळभ, खारा वारा किती वाजता सुटला आणि मोहोर कोणत्या अवस्थेत, एवढं वहीत लिहायला दोन मिनिटं लागतात.

विद्यापीठाकडून मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला पत्रिका निघते, त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. तो जिल्ह्यासाठी असतो. वहीत दोन-तीन जानेवारी जमले की जिल्ह्याच्या अंदाजात १७ लिहिलंय म्हणजे आपल्या खालच्या बागेत १४ आणि वरच्या बागेत १६, असा स्वतःचा फरक बागायतदाराला काढता येतो, आणि पंप कोणत्या बागेत आधी न्यायचा तेही त्यावरून ठरतं.